मधली सुट्टी नेमकी कुणाच्या अखत्यारीत येते?

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

जून आला की तुमच्या पेपरात शाळेच्या बातम्या सुरू होतात. दप्तराचं ओझं, गणवेशाचे भाव, व्हॅनवाल्यांनी फी वाढवली, पुस्तकं अजून पोचली नाहीत, पहिल्या दिवशी गुलाबाचं फूल देऊन मुलांचं स्वागत. सगळं यायलाच पाहिजे, त्याबद्दल तक्रार नाही. पण माझ्यासारख्या काही आईबापांच्या पोटात जूनमध्ये जो गोळा येतो तो वेगळ्याच गोष्टीचा असतो, तो असतो मधल्या सुट्टीचा. गणिताचा नाही, इंग्रजीचा नाही, चाचणीचा तर नाहीच नाही. त्यावर कुठे काही छापून येत नाही म्हणून मीच लिहायला घेतलंय, लांबलं तर खुशाल कात्री लावा पण कायद्याचा भाग तेवढा ठेवा.

माझा मुलगा नाशिकमध्ये एका अनुदानित शाळेत सेमी-इंग्रजीला आहे, यंदा चौथीत गेला. गेल्या वर्षी पहिल्या सत्राचं प्रगतिपुस्तक आलं त्यात त्या वर्णनात्मक नोंदी असतात ना, त्यात "विशेष प्रगती" खाली लिहिलं होतं तोंडी गणितं पटकन सोडवतो, "आवड, छंद" खाली लिहिलं होतं नकाशे व गाड्यांची वेळापत्रके (हे खरंय, ठक्कर बाजारहून कुठली एसटी किती वाजता सुटते हे तो झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल), आणि "सुधारणा आवश्यक" च्या रकान्यात एकच ओळ होती, वर्गातील मुलांमध्ये मिसळत नाही. बस. मी ती ओळ वाचून बाईंना विचारलं की म्हणजे नेमकं काय करतो, तर बाई जरा थांबल्या आणि म्हणाल्या, ताई, करत काहीच नाही, तेच तर सांगतेय, सगळी मुलं ग्राउंडवर असतात आणि हा कंपाउंडच्या भिंतीला हात लावत लावत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत असतो, घंटा होईपर्यंत. एकदा कुणा जाणकाराला दाखवून घ्या, घाबरू नका.

आता असं कुणी सांगितलं की घरात काय होतं ते सगळ्यांना माहितीये. सासूबाई म्हणाल्या याचा बाप पण असाच होता, चार वर्षांचा होईस्तोवर बोलला नव्हता, आता बघ मीटिंगा घेतो. शेजारच्या काकू म्हणाल्या मोबाईल काढून घ्या, सगळं मोबाईलमुळे होतंय. आणखी एक नातेवाईक, नाव घेत नाही, म्हणाल्या आई नोकरी करते ना, मग मूल एकलकोंडं होणारच. तर सांगायचं म्हणजे डॉक्टरांनी सगळं तपासून सांगितलं तो ऑटिझम, स्वमग्नता म्हणतात ते, सौम्य प्रकारचा, आणि तो मोबाईलनेही होत नाही आणि आईच्या नोकरीनेही होत नाही, मुळात मेंदूच्या घडणीतलाच तो फरक असतो. रिपोर्ट हातात आला तेव्हा वाईट वाटलं का, तर वाटलं की. पण त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं, कारण तू लाडावून ठेवलंयस, तू जास्त रागावतोस, तू त्याला बाहेरच काढत नाहीस अशी घरात जी रोजची तू-तू मैं-मैं चालली होती ती त्या एका कागदाने बंद पडली.

मग दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट आणि कार्ड. त्यासाठी ऑनलाइन फॉर्म भरून सिव्हिलला जायचं, तिथे ऑटिझमसाठी इसा नावाची आपल्या देशातच तयार झालेली एक मापनपट्टी वापरतात, ४० मुद्दे असतात, प्रत्येकाला १ ते ५ गुण, बेरीज ७० च्या खाली आली तर ऑटिझम नाही असं धरतात. त्या पट्टीचा पहिला भागच मुळी सामाजिक संबंध आणि देवाणघेवाण यावर आहे. नजरेला नजर देतो का, बरोबरीच्या मुलांशी जमतं का, आपली पाळी येईपर्यंत थांबतो का, असलं सगळं. म्हणजे बघा, सरकारच्या पट्टीने सरकारच्या दवाखान्यात सगळ्यात आधी मोजली जाते ती चार माणसांत वावरताना येणारी अडचण. आणि ते कार्ड घेऊन शाळेत गेलं की मिळतं काय, तर पुढे बोर्डाच्या परीक्षेत तासाला २० मिनिटं जादा, लागला तर लेखनिक, काही विषयांत सूट. अहो पण माझ्या पोराला पेपरात वेळ कमी पडतच नाही! तो सगळ्यांच्या आधी लिहून होऊन खिडकीतून बाहेर बघत बसतो. त्याला वेळ जास्त होतो तो मधल्या सुट्टीत.

परीक्षेच्या सवलतींना नावं ठेवत नाहीये, गैरसमज नको. अध्ययन अक्षमतेच्या, म्हणजे ज्यांना वाचन, लेखन किंवा गणितच जड जातं अशा मुलांना परीक्षेत सवलत द्यायला आपल्या राज्याने १९९६ मध्येच सुरुवात केली, तेव्हा बाकीची राज्यं झोपलेली होती, आणि त्यामुळे कितीतरी मुलं दहावी पार झाली. पण तिथेच आपण अडकून बसलो असं मला वाटतं. मदत म्हणजे मार्कांची मदत, हे डोक्यात इतकं पक्कं बसलंय की मुख्याध्यापकांनी माझी फाइल बघून पहिला प्रश्न विचारला, मार्क तर चांगले आहेत, मग तुमची नेमकी अडचण काय?

नेमकी अडचण सांगते. एक दिवस डबा घरी राहिला म्हणून मी सुट्टीत शाळेत गेले, गेटवरच्या मामांनी जरा थांबा म्हटलं म्हणून तिथेच उभी राहिले आणि मला पूर्ण खेळ बघायला मिळाला. मुलं डोंगर की पाणी खेळत होती. आता या खेळात नियम असा लिहिलेला कुठे नसतोच, पायरी डोंगर धरायची की नाही, झाडाचा कठडा चालेल की नाही हे मुलं पळता पळताच ठरवतात, ज्याच्यावर राज्य असतं तो ओरडतो पायरी नाही, दुसरा ओरडतो कालपासून आहे, आणि खेळ चालूच राहतो. माझा मुलगा पायरीवर उभा राहून सगळ्यांना सांगत होता की काल पायरी डोंगर होती, काल ठरलं होतं, तुम्ही बदललं. एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, मग रडकुंडीला येऊन सांगितलं. एक मुलगी म्हणाली जाऊदे रे, तू लिंबूटिंबू, तू कुठेही उभा राहा. तिने चांगल्या मनानेच म्हटलं असणार. पण हा आठ वर्षांचा, आणि लिंबूटिंबू कुणाला करतात हे त्याला पक्कं माहितीये, त्याच्या तीन वर्षांच्या मामेबहिणीला करतात. तो तिथून निघाला आणि भिंतीला हात लावून चालायला लागला. म्हणजे बाई म्हणत होत्या तो मिसळत नाही, ते अर्धंच खरं होतं, तो मिसळायला गेला होता.

इथून पुढचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मी हे सगळं बाईंना सांगितलं. बाईंनी ना कुठला कोर्स केलेला ना कुठलं ट्रेनिंग, त्यांनी दुसऱ्या दिवशी खडू घेतला आणि पायऱ्यांवर आडवी रेघ मारली, रेघेच्या वर डोंगर, खाली पाणी, आणि सगळ्या मुलांना सांगितलं की आधी नियम ठरवायचे, मग पळायचं, मध्ये बदलायचे असतील तर टाइम प्लीज घेऊन बदलायचे. वर्गातली दोन मुलं दर आठवड्याला त्याची जोडीदार, आळीपाळीने, म्हणजे एकाच मुलावर भार नको. आणि माझ्या मुलाला त्याच्या वहीत लिहून दिलं की राज्य येणं म्हणजे शिक्षा नाही, दुसऱ्याला पकडलं की राज्य जातं. ते वाक्य तो घरी येऊन मोठ्याने वाचायचा. पावसाळी हवा असली की आत कॅरम. कॅरममध्ये वेगळीच भांडणं, कारण हा क्वीन कव्हर झाली नाही की लगेच सगळ्यांना परत ठेवायला लावायचा, कुणाला सोडायचा नाही, पण ती भांडणं बरोबरीची होती, त्यात लिंबूटिंबू कुणी नव्हतं. आणि बाईच सांगत होत्या की रेघ मारल्यापासून बाकीच्या मुलांची रोजची रडारड पण कमी झाली.

हे काही आमच्या बाईंना योगायोगाने जमलं असं नाही, याला अभ्यासाचा आधार आहे. अमेरिकेत कॉनी कसारी म्हणून संशोधक आहेत, त्यांच्या गटाने २०१२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. साध्या शाळांतली पहिली ते पाचवीची ऑटिझम असलेली ६० मुलं, काहींना मोठ्या माणसाने एकेकटं बसवून शिकवलं की मित्र कसे करायचे, आणि काहींच्या बाबतीत त्या मुलाला न शिकवता त्याच्या वर्गातल्या मुलांना शिकवलं की बाजूला पडलेल्या मुलाला खेळात कसं घ्यायचं. वर्गमित्रांना शिकवलं तिथे मुलं वर्गाच्या घोळक्यात जास्त आली आणि ग्राउंडवर एकटी कमी राहिली. हे वाचल्यावर मला आमच्याकडच्या थेरपीच्या बिलांकडे बघून जरा हसायलाच आलं. तास तास एका खोलीत मोठ्या ताईसमोर बसून हॅलो कसं म्हणायचं ते शिकायचं, आणि ज्यांना हॅलो म्हणायचं त्या चाळीस मुलांना कुणी काही सांगितलेलंच नाही.

पण मग झालं काय, वर्ष संपलं. चौथीला वर्गशिक्षक बदलले. नवीन सर चांगले आहेत, पण त्यांना रेघ, जोडीदार, वही यातलं काहीच माहीत नाही कारण ते कुठेच लिहिलेलं नाही, त्यांच्याकडे गेलं ते फक्त प्रगतिपुस्तक आणि त्यातला तो "सुधारणा आवश्यक" चा रकाना. मी जाऊन सांगितलं तर सर म्हणाले बघतो, आणि तेही खरंच आहे, सुट्टीत त्यांनी बघायचं कधी? पहिली ते आठवीला पोषण आहार असतो, खिचडी वाटायची, ताटं मोजायची, नोंद ठेवायची, वरून ऑनलाइन माहिती भरायची, स्वतः दोन घास खायचे, आणि निवडणूक किंवा कुठला सर्व्हे आला की मग विचारूच नका. शिक्षकांवर टाकून मोकळं व्हायला मी हे लिहीत नाहीये.

शाळेकडून मग काय उत्तर आलं तर शॅडो टीचर, म्हणजे मुलासोबत सतत राहणारी वेगळी बाई, लावा, तुमच्या खर्चाने. मी चौकशी केली, जो आकडा सांगितला तो आमच्या घराच्या हप्त्याच्या आसपास जातो. बरं पैशाचं सोडा. काही मुलांना शॅडोची गरज असतेच, जी पळून जातात, स्वतःला लागून घेतात, त्यांच्यासाठी तो आधार पाहिजेच आणि तो शाळेने द्यायला पाहिजे. पण माझ्या मुलाच्या बाबतीत मला सांगा, सुट्टीत त्याच्या शेजारी एक मोठी बाई सावलीसारखी उभी राहिली तर कुठलं पोर त्याला खेळायला हाक मारणार आहे?

आता कायद्याचं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे, त्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व धरलंय आणि ऑटिझम त्यात आहे. त्यातलं १६ वं कलम शाळांचं आहे, आणि ते फक्त सरकारी शाळांना लागू नाही, सरकारची किंवा स्थानिक संस्थेची मान्यता किंवा अनुदान असलेल्या सगळ्यांना लागू आहे, म्हणजे ज्या खासगी शाळा आम्हाला लागू नाही म्हणून परत पाठवतात त्यांनासुद्धा. त्यात म्हटलंय की मुलाचा शैक्षणिक आणि सामाजिक विकास जास्तीत जास्त होईल अशा वातावरणात त्याला लागेल ती मदत, गरजेप्रमाणे वैयक्तिक सुद्धा, मिळेल हे बघायचं. सामाजिक विकास. हे कलम वाचून मी ती ओळ पेनने अधोरेखित करून मुख्याध्यापकांना दाखवली, कारण तोपर्यंत मला सगळे असं बोलत होते जणू मी मुलासाठी काहीतरी हौसेचं मागतेय.

पुढे २०१७ चे नियम आहेत, त्याप्रमाणे जिल्हा शिक्षण कार्यालयात या मुलांचे प्रवेश आणि शाळेतल्या सोयी बघायला एक नोडल अधिकारी असायला पाहिजे. सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये रजनीश कुमार पांडे खटल्यात केंद्र सरकारला सांगितलं की अशा मुलांमागे किती विशेष शिक्षक हवेत ते ठरवा, आणि त्यानंतर केंद्र सरकारने प्राथमिकला १० मुलांमागे एक आणि त्यापुढे १५ मुलांमागे एक असं प्रमाण ठरवलं. आपल्या राज्य सरकारने २०२४ मध्ये शाळांच्या केंद्रामागे (आसपासच्या शाळांचा गट म्हणजे केंद्र) एक अशी ४,८६० विशेष शिक्षकांची पदं ठरवली, पाऊल चांगलंच आहे, पण एका केंद्रात किती शाळा येतात ते शिक्षकांना विचारा. एक माणूस आज या शाळेत, उद्या त्या शाळेत, आला तरी मुलाला बाजूला घेऊन वाचन घेणार आणि पुढच्या शाळेत जाणार. मधल्या सुट्टीपर्यंत तो पोचेल कधी. म्हणून मी म्हणते की ज्या कामाला नवीन पद लागत नाही ते तरी आधी करा.

माझं मागणं फार मोठं नाही. मुलाच्या नावाची एक पानाची योजना असावी, त्यात अभ्यासासोबत मधली सुट्टी, पीटीचा तास, सहल आणि स्नेहसंमेलन यांचं पण लिहिलेलं असावं, काय केलं की जमतं आणि काय केलं की बिनसतं, आणि वर्ग बदलला की ते पान प्रगतिपुस्तकासोबत पुढच्या शिक्षकांकडे जावं. सुट्टीतली दहा मिनिटं तरी कुणीतरी ग्राउंडवर असावं, सगळे नाही, पाळीपाळीने एक. सातवीतली मोठी मुलं असतात, त्यातल्या चारपाच जणांना तयार केलं तर ती लहानांचे खेळ लावून देतात, मोठी मुलं यात फार हुशार असतात, आपण त्यांना फक्त रांगेत उभं करायच्या कामाला लावतो. ज्याला गोंगाट सहन होत नाही त्याच्यासाठी वाचनालयाचं दार सुट्टीत उघडं असावं, आमच्याकडे नेमकं तेव्हाच कुलूप असतं. आणि याचा उपयोग फक्त ऑटिझमवाल्यांना होईल असं समजू नका. दुसऱ्या गावाहून वर्षाच्या मध्ये आलेलं मूल, बोलताना अडखळणारं मूल, कानाला मशीन लावणारं मूल, किंवा नुसतंच बुजरं, सुट्टीत भिंतीपाशी कोण कोण असतं ते एकदा शिक्षकांनी आणि आपण पण उभं राहून बघावं. मुली तर लक्षातच येत नाहीत, त्या दुसऱ्यांचं बघून बघून तसंच वागतात, घोळक्याच्या कडेला उभ्या राहून हसतात आणि सगळ्यांना वाटतं मिसळली.

पालकांना पण एक सांगायचंय. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं की अशा मुलांमुळे आमच्या मुलांवर परिणाम होतो. त्यावर मी तिथे काही बोलले नाही, इथे बोलते. झाला ना परिणाम, तुमची मुलं खेळाआधी नियम ठरवायला शिकली, त्यांची भांडणं कमी झाली. आणि त्यातल्या एकाला आता नाशिक-त्र्यंबक गाड्यांचं वेळापत्रक पाठ आहे, त्याची आई मला रस्त्यात भेटून हसत हसत तक्रार करत होती की हा आता आम्हाला स्टँडवर बोर्ड वाचूच देत नाही.

मी शाळेला लेखी अर्ज दिलाय, कलम १६ चा उल्लेख करून, आणि पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत विषय घ्या म्हणून सांगितलंय. नाही घेतला तर जिल्ह्याच्या नोडल अधिकाऱ्यांकडे जाणार, आणि तिथेही नाही झालं तर पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते, तीही करणार. ज्यांच्या मुलाच्या प्रगतिपुस्तकात अशीच ओळ आलीये त्यांना एवढंच सांगते की तोंडी बोलून येऊ नका, तोंडी बोलणं वर्ग बदलला की संपतं. अर्ज द्या, दोन प्रती काढा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय ऑफिसमधून हलू नका. क्लार्क म्हणेल ठेवून जा, साहेब आले की सही करतील. बसून राहा.

आपली,
एक वाचक, चौथीतल्या मुलाची आई,
नाशिक